बारावा गडी

क्रिकेटच्या धावफलकात एक नोंद असायची. 'झे. बदली, गो. अमुक'. म्हणजे झेल कुणीतरी घेतला, बळी गोलंदाजाच्या खात्यात गेला, आणि झेल घेणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. तो नुसता 'बदली'.

नोव्हेंबर १९८३ मध्ये अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. तिची आठवण निघाली की कपिलदेवने एका डावात ८३ धावांत घेतलेले ९ बळी सगळ्यांना आठवतात. त्याच कसोटीत गुरशरण सिंग नावाच्या एका तरुणाने बदली क्षेत्ररक्षक म्हणून चार झेल घेतले. कसोटीत बदली खेळाडूने चार झेल घेण्याची ती पहिलीच वेळ. पण तो अकरांत नव्हता. त्यामुळे ती कसोटी त्याच्या खात्यात मोजली गेली नाही. पुढे १९९० साली ऑकलंडला त्याला स्वतःची कसोटी मिळाली, ती एकच. आता संगणकावर धावफलक पाहिला तर कंसात त्याचं नाव दिसतं. आम्ही पेपरात वाचायचो तेव्हा कंसही नव्हता.

निवृत्तीनंतर मला शब्दांचा नाद लागला आहे, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. एखादा शब्द डोक्यात बसला की चार दिवस दुसरं काही सुचत नाही. सध्या डोक्यात आहे तो हा न खेळणारा खेळाडू. त्याला आपण काय काय म्हणतो, आणि का म्हणतो?

पहिला शब्द अर्थातच 'बारावा गडी'. यातला गडी मोठा मजेशीर. खेळात गडी म्हणजे खेळाडू. 'पाच गडी बाद' म्हणतो तो गडी, सवंगडीमधला गडी. आणि आपल्या वऱ्हाडात गडी म्हणजे शेतावर कामाला ठेवलेला माणूससुद्धा. अकरा जणांना तो पहिला अर्थ लागू पडतो. बाराव्याच्या वाट्याला येतो तो दुसरा! पाणी नेऊन दे, हातमोजे बदलून आण, कर्णधाराचा निरोप पोचव. एकाच शब्दात खेळाडू आणि नोकर दोघे असे शेजारी बसलेले दुसऱ्या कुठल्या भाषेत असतील की नाही कोण जाणे.

आणि बारावा होण्यात कमीपणा मानायचा तर डॉन ब्रॅडमनपासून सुरुवात करावी लागेल. १९२८ साली ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत त्याने १८ आणि १ धाव केली. पुढच्या सिडनीच्या कसोटीत तो बारावा गडी होता.

दुसरा शब्द 'बदली'. हा मूळचा अरबी 'बदल' मधून आपल्याकडे आलेला. आम्हा मास्तर लोकांच्या अंगावर या शब्दाने काटा येतो, कारण आमच्यासाठी बदली म्हणजे बिऱ्हाड हलवणं. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र याचा वेगळाच अर्थ होता. तिथे 'बदली कामगार' नावाचा एक वर्गच होता. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागेवर त्या दिवसाचं काम. सगळे आले तर घरी परत. म्हणजे दुसऱ्याची गैरहजेरी हीच याची हजेरी. क्रिकेटमधल्या बदलीचं तरी वेगळं काय आहे? कुणाचा तरी पाय मुरगळल्याशिवाय त्याला मैदान दिसत नाही. त्यातही नियम असा, की बदली आलेल्याने क्षेत्ररक्षण करायचं. फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही, नेतृत्व नाही. २०१७ पासून पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करता येतं. २०१९ मध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकाराचा बदली देण्याची सोय झाली. त्या सोयीने लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी आलेल्या मार्नस लाबुशेनने ५९ धावा काढल्या आणि संघातली आपली जागा पक्की केली. आयपीएलमध्ये २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आला. म्हणजे बदली खेळाडूला माणसात घ्यायला क्रिकेटला बराच वेळ लागला. फुटबॉलचं तरी काय, विश्वचषकात बदली खेळाडू उतरवायला परवानगी मिळाली ती १९७० साली. तोवर दहा जणांनी खेळायचं किंवा लंगडत खेळायचं.

तिसरा शब्द लहान मुलांचा, 'कच्चं लिंबू'. हा राखीव खेळाडूच्या बरोबर उलटा. कच्चं लिंबू खेळतं, पण मोजलं जात नाही. त्याला कुणी बाद करत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. राखीव खेळाडू बारा जणांत मोजला जातो, पण खेळत नाही. मला विचाराल तर लिंबाचं दुःख कमी. त्याला आपण मोजले जात नाही हे कळतच नसतं, ते आपलं पळत असतं!

इंग्रजांकडे आणि अमेरिकनांकडेही या माणसाला बरीच नावं आहेत. 'बेंच वॉर्मर', म्हणजे बाकडं गरम करणारा, हा अमेरिकेतल्या बेसबॉलमधला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा शब्द. त्यातली थट्टा उघड आहे. ते बाकडं मैदानातून निघून आता थेट हिंजवडीला पोचलं आहे. आमचा पुतण्या फोनवर "काका, सध्या बेंचवर आहे" म्हणाला, तेव्हा मला वाटलं याला कुणी शिक्षा केली की काय! हाती प्रकल्प नसलेल्या माणसाला कंपनीत तसं म्हणतात, हे नंतर कळलं. 'सेकंड स्ट्रिंग' हा शब्द त्यामानाने आदराचा. धनुष्याची दोरी ऐनवेळी तुटली तर हाताशी असावी म्हणून तिरंदाज दुसरी दोरी जवळ बाळगत, ती ही दोरी. आणि 'टॅक्सी स्क्वॉड'ची गोष्ट तर ऐकण्यासारखी. १९४० च्या दशकात क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक मॅकब्राइड यांची टॅक्सी कंपनी होती. संघात जागा नाही, पण सोडायचंही नाही अशा खेळाडूंना त्यांनी टॅक्सी कंपनीच्या पगारपत्रकावर घेतलं. तेव्हापासून जादा खेळाडूंना 'टॅक्सी स्क्वॉड' नाव पडलं ते आजतागायत. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, बेसबॉलवाल्यांनी हाच शब्द पुन्हा वापरात आणला.

त्या देशातला बारावा गडी मात्र मला फार आवडला. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसला टेक्सास ए अँड एम कॉलेजचा सामना होता. आपले खेळाडू एकामागून एक जखमी होत आहेत हे पाहून प्रशिक्षकाने ई. किंग गिल या विद्यार्थ्याला वरून खाली बोलावलं. त्याने जखमी खेळाडूचा पोशाख अंगावर चढवला आणि सामना संपेपर्यंत तो कडेला उभा राहिला. वेळ आलीच नाही. संघ जिंकला, गिल एक क्षणही खेळला नाही. पण त्या कॉलेजचे विद्यार्थी अजूनही आपल्या संघाचा सामना उभ्याने पाहतात आणि स्वतःला बारावा गडी म्हणवतात. मैदानाबाहेर गिलचा पुतळाही आहे. न खेळलेल्या खेळाडूचा पुतळा!

असो. हे सगळं सुचण्याचं निमित्त म्हणजे पुण्याची नात. शाळेच्या खो-खो संघात तिची निवड झाली. फोनवर मी अभिनंदन करायला लागलो तर म्हणाली, "आबाजी, टीममध्ये आहे, पण मी एक्स्ट्रा आहे." त्या 'एक्स्ट्रा'ने मी अडखळलो. एक्स्ट्रा म्हणजे जास्तीचं, उरलेलं. पंगतीत चार पोळ्या जास्त झाल्या तर त्या एक्स्ट्रा. पोर स्वतःला उरलेली पोळी समजत होती.

मराठीत तिच्यासाठी किती चांगला शब्द आहे, 'राखीव'. राखणे म्हणजे रक्षण करणे, जपणे. शिरपूरकडच्या माणसाला राखण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पूर्वी ज्वारी निघाली की खळ्यावरच भरदार, टपोरी कणसं निवडून बाजूला काढत. ते बी. उरलेलं मग खायला आणि विकायला. आधी राखायचं, मग खायचं, असा तो क्रम. म्हणजे राखलेलं ते उरलेलं कधीच नव्हे, ते निवडलेलं. आता आमच्याकडे सोयाबीन आलं, तरी घरचं बियाणं राखणारे आहेत. पेरणीच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बी पेरण्याजोगं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही शेतकऱ्याला ठाऊक असते. सोयाबीनचं बी फार दिवस राखता येत नाही. ते पेरलंच नाही तर त्याची उगवणशक्ती जाते. मग त्या राखण्याला अर्थ राहत नाही.

म्हणून मला त्या "धीर धर, तुझी पाळी येईल" या वाक्याची भीती वाटते. आपण मुलांना ते फार सहज सांगतो. पाळी येतेच असं नाही. पद्माकर शिवलकरांचं उदाहरण घ्या. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. त्या काळी भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती. शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत. २०१७ मध्ये त्यांना क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, ३ मार्च २०२५ रोजी ते गेले. त्यांना कुणी "पाळी येईल" म्हटलं असेल तर ते खोटं ठरलं. पण ते काही देशाच्या दाराशी ताटकळत बसून राहिले नाहीत. मुंबईसाठी वर्षानुवर्षे गोलंदाजी करत राहिले. त्या ५८९ बळींपैकी एकाशेजारीही 'बदली' लिहिलेलं नाही.

अमोल मुझुमदारची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा अमोल पॅड बांधून बसलेला होता, तो बसूनच राहिला. पुढे रणजी पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. कारकिर्दीत अकरा हजारांच्या वर धावा, ३० शतकं, आणि भारताची टोपी नाही.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होता तोच अमोल. त्या रात्री मी जागाच होतो. आणि सामनावीर कोण? शफाली वर्मा. ती मूळच्या पंधरा जणींत नव्हती. राखीवांची जी वेगळी यादी जाहीर झाली होती, तिच्यातही नव्हती. २६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध प्रतिका रावलचा पाय दुखावला म्हणून ऐनवेळी तिला बोलावलं. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले.

पण मला त्या रात्री शफालीइतकीच प्रतिकाही दिसत होती. स्पर्धेत ३०८ धावा केलेली ही मुलगी चाकाच्या खुर्चीतून मैदानावर आली होती. बदली खेळाडू आल्यामुळे तिचं नाव पंधरांतून गेलं होतं, म्हणून समारंभात तिला पदक नव्हतं. पुढे तेही तिला मिळालं म्हणा. पण अकरावी आणि बारावी यांच्यात अंतर केवढं, तर एका मुरगळलेल्या घोट्याएवढं, हे तेव्हा फार स्पष्ट दिसलं. आज बाकावर कोण आहे आणि मैदानात कोण, यावरून माणसाची किंमत ठरवू नये ती यासाठी.

नातीला मी हे सगळं सांगितलं नाही. फोनवर एवढं कुणी ऐकतं का! मी तिला खो-खोबद्दलच विचारलं. म्हटलं, "तुमच्या नऊ जणी मैदानात उतरल्या की त्यातल्या आठ काय करतात?" म्हणाली, "बसतात." तेच तर! खो-खो हा बसण्याचाच खेळ आहे. आठ जणी चौकोनात बसलेल्या, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि मिळाला की क्षणात उठायचं. खो देणारीने तिच्या जागेवर बसायचं. यातलं बसणं म्हणजे आराम नव्हे. पंजे रोवलेले, नजर पळणारीवर, कान पाठीमागे. पुण्यात १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम बांधले गेले असं सांगतात. ज्यांनी बांधले त्यांना बसलेल्या माणसाचं मोल ठाऊक असावं. म्हटलं, "तूही तशीच बस. फक्त तुझा चौकोन रेषेच्या बाहेर आहे." ती हसली. पटलं की नाही ते ठाऊक नाही.

शाळेत असताना तालुक्याच्या सामन्यांना मी बरीच वर्षं संघ घेऊन जात असे. बारा जणांची यादी, नऊ मैदानात, तीन बाहेर. बाहेरच्या तिघांच्या पुढ्यात बाकीच्या नवांचे कपडे, चपला आणि एखाद्याचं घड्याळ. पोरं चिडवायची, "राखीव मंजे चपला राखनारा!" एका मुलाने मला सरळ विचारलं होतं, "सर, मले काहून नाही घेतलं?" कारण खरं ते सांगितलं. तुझा सूर चांगला आहे, पण दम कमी पडतो. त्याला खोटी आशा दाखवावी असं मला कधी वाटलं नाही. मात्र राखीवांना चपलांशी बसवून ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. समोरचे पळणारे तीन-तीनच्या तुकडीने येतात. या तिघांनी एकेक पळणारा वाटून घ्यायचा. तो कुठल्या हाताला झुकतो, खांबाजवळ किती थांबतो, दमला की काय करतो, हे बघायचं आणि दोन डावांच्या मधल्या वेळात सांगायचं. तो दम कमी असलेला मुलगा यात पटाईत निघाला. "सर, तो उंच पोरगा खांबाशी डावीकडंच वळते" हे त्याने सांगितलं आणि ते खरं होतं. सामना आम्ही तरीही हरलो, ही गोष्ट वेगळी. प्रमाणपत्रावर मात्र बाराही नावं असत, अन् त्या कागदावर कोण आत होता आणि कोण बाहेर, हे लिहिलेलं नसे. मला ते फार बरं वाटे.

माझी स्वतःची नोकरी सुरू झाली तीही राखीव म्हणूनच. एका शाळेत एक शिक्षक दीर्घ रजेवर गेले, त्यांच्या जागी काही महिन्यांसाठी माझी नेमणूक झाली. मुलं मला 'बदलीचे सर' म्हणत. मूळचे सर बरे होऊन परत आले तेव्हा माझा एक धडा अर्धा शिकवून झाला होता. उरलेला अर्धा त्यांनी शिकवला. मुलांचं काही अडलं नाही. मला मात्र तो अर्धा धडा कितीतरी दिवस डोक्यात होता. पुढे कायम झाल्यावर ऑफ तासांच्या वहीत माझं नाव आलं, की कुणाच्या तरी गैरहजेरीत मी त्या वर्गावर जायचो. बरेच शिक्षक असा तास मुलांना गप्प बसवून काढतात. मी तसं करत नसे. बदलीचा तास झाला तरी मुलांची ती ४० मिनिटं खरीच असतात, एवढं त्या अर्ध्या धड्याने शिकवलं होतं.

म्हणून वाटतं, शब्द जपून वापरावा. घरात, शाळेत, कचेरीत असा बारावा कुणीतरी असतोच. सगळ्यांच्या आजारपणात धावून जाणारी एखादी आत्या, दुकानात मालक गावाला गेला की गल्ल्यावर बसणारा धाकटा भाऊ. त्यांना 'जास्तीचे' म्हणू नये. राखीव म्हणावं. आणि राखीव म्हणायचं तर बियाण्यासारखं राखावं, अधूनमधून पेरावंही. झेल घेतला तर वहीत नाव लिहावं.

आमच्याकडे पोरं राखीवाला 'चपला राखणारा' म्हणत, ते वर लिहिलंच. तुमच्या गावात काय म्हणत? आठवलं तर कळवा. माझ्या वहीत अजून जागा आहे.